बेदाण्याची पावती, कोरा चेक आणि प्रॉमिसरी नोट, तिन्ही कागद एकाच माणसाकडं. आता काय करायचं?

सावळजचा_बागायतदार
२ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं बऱ्याच जणांचा बेदाण्याचा, हळदीचा व्यवहार आहे, वकीलही आहेत, म्हणून लिहितोय. जरा लांबेल, पण सगळं सांगतो. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

गेल्या एप्रिलमध्ये तात्यांनी (माझे चुलते) ६०० बॉक्स बेदाणा कोल्ड स्टोअरेजला लावला. १५ किलोचा बॉक्स, म्हणजे ९ टन. दर मनासारखा नव्हता, विकायचा नव्हता. पण औषधाच्या दुकानाची उधारी, रॅकचं भाडं, मजुरी डोक्यावर होती. ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून १५ एप्रिलला ६ लाख उचल घेतली. दीड टक्का महिना. पैसे खात्यावर आले. त्या बदल्यात त्यानं तीन कागद ठेवून घेतले: स्टोअरेजची पावती, तात्यांची सही असलेला कोरा चेक, आणि रेव्हेन्यू तिकिटावर सही केलेली प्रॉमिसरी नोट (पैसे देण्याचं लेखी वचन). नोटेवरही रक्कम नव्हती, नुसती सही.

दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला, झिरो पेमेंट करायचंय (म्हणजे जुनी येणी-देणी शून्यावर आणायचीत), जमेल तेवढे भरा. १५ ऑक्टोबरला आम्ही अडीच लाख आरटीजीएस केले. नंतर त्यानं काहीच मागितलं नाही. आणि आता २४ जानेवारीला वकिलाची नोटीस आली. चेकवर ५ जानेवारी तारीख, रक्कम पूर्ण ६ लाख. १२ तारखेला शिल्लक अपुरी म्हणून परत आलाय. १५ दिवसांत ६ लाख द्या, नाहीतर कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याची फौजदारी केस.

माल त्याच्याकडं अडकलेला, चेक त्याच्याकडं, नोट त्याच्याकडं. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. ६८ वर्षांचा माणूस, आयुष्यात कोर्टाची पायरी चढला नाही. काय करावं?


ढालगावचा
२ फेब्रुवारी, रात्री १०.१५

दादा, उरलेले चेक लगेच स्टॉप पेमेंट करा आणि तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं सावकारीची तक्रार ठोका. लायसन नसताना व्याजानं पैसे दिलेत त्यानं. नोटिशीला उत्तरच देऊ नका, उत्तर दिलं की कबुली होते.


कृष्णाकाठची_वकील
३ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

ढालगावच्या दादांनी कळकळीनं लिहिलंय, पण नोटिशीला उत्तर न देण्याचा सल्ला कृपा करून कुणी ऐकू नका. याच एका सल्ल्यानं किती केसेस हातच्या गेलेल्या पाहिल्यात मी.

आधी दिवस मोजा. नोटीस २४ जानेवारीला हातात पडली. दुसऱ्या दिवसापासून १५ मोजले की ८ फेब्रुवारी येते. तोवर पैसे दिले नाहीत तर ९ तारखेपासून त्याला तक्रार दाखल करायला एक महिना मिळतो. त्यानं स्वतःची मुदत पाळलेली दिसते: चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची असते, ती त्यानं पाठवली. म्हणजे तांत्रिक मुदतीवर सुटण्याची आशा धरू नका.

आता कोरा चेक. बागायतदारांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. "रक्कम मी लिहिलीच नव्हती" हा बचाव एकटा उभा राहत नाही. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार, २०१९, सर्वोच्च न्यायालय: सही केलेला कोरा चेक स्वखुशीनं दिला असेल आणि पुढं दुसऱ्यानं तो भरला असेल, तरी कलम १३९ चं गृहीतक लागू होतं. कायदा धरून चालतो की चेक देण्यापोटीच दिला होता. ते खोडायची जबाबदारी सही करणाऱ्याची. "तो नुसता सिक्युरिटीचा चेक होता" हेही तसंच. कर्ज दिलं गेलंय, परतफेडीची वेळ झालीय आणि पैसे आले नाहीत, तर सिक्युरिटीचा चेक वटवायला लावता येतो.

तरी तुमची बाजू लंगडी नाही, कारण अडीच लाख. दशरथभाई पटेल विरुद्ध हितेश पटेल हा २०२२ चा निकाल मी मुद्दाम नावानिशी सांगते, तुमच्या वकिलांना दाखवा. चेक दिल्यानंतर आणि तो वटवायला टाकण्याआधी काही रक्कम फेडली असेल, तर कलम ५६ प्रमाणं त्या फेडीची नोंद चेकवर करायची आणि उरलेल्या रकमेपुरताच तो वापरायचा. तसं न करता पूर्ण रकमेला चेक टाकला, तर त्या तारखेला तेवढं कायदेशीर देणं शिल्लकच नव्हतं, म्हणून १३८ चा गुन्हा होत नाही. न्यायालय चेक बँकेत टाकला त्या दिवशी देणं किती होतं ते बघतं.

मग त्या दिवशी किती होतं? इथं घाईनं "साडेतीन लाख" म्हणू नका. भरताना तुम्ही हे मुद्दलात धरा असं कळवलं नसेल, तर तो आधी व्याजात धरणार. ६ लाखांवर दीड टक्का म्हणजे महिना ९,०००. एप्रिल ते ऑक्टोबर सहा महिने, ५४,०००. अडीच लाखातून ते गेलं की मुद्दलात १,९६,००० जमा, शिल्लक ४,०४,०००. पुढच्या तीन महिन्यांचं व्याज १८,१८०. सगळं त्याच्या बाजूनं धरलं तरी जानेवारीच्या मध्याला देणं निघतं सुमारे ४ लाख २२ हजार. सहा लाख कुठल्याच हिशोबानं निघत नाहीत. हा हिशोब उत्तरात आकड्यांनिशी गेला पाहिजे, सोबत आरटीजीएसचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि बँकेचा उतारा.

उत्तर का द्यायचं तर रंगप्पा विरुद्ध श्री मोहन (२०१०) मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोटिशीला उत्तर न देणं आरोपीच्या विरुद्ध धरलं होतं. आणि योगायोग बघा, त्या प्रकरणातला चेक स्टॉप पेमेंटमुळंच परत आलेला होता. स्टॉप पेमेंटनं १३८ टळत नाही.

सावकारीच्या कायद्याचा मुद्दा आहे, पण तो वेगळा. व्यापाऱ्यानं मालापोटी दिलेली उचल त्या कायद्यात "कर्ज" ठरते की नाही, हे कागद बघून ठरवावं लागतं. रागाच्या भरात ठोकलेली तक्रार पुढं तडजोडीच्या आड येते.

तात्यांना सांगा, नोटीस म्हणजे अटक नव्हे. हा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड असा गुन्हा आहे खरा, पण जामीनपात्र आहे आणि कुठल्याही टप्प्यावर आपसात मिटवता येतो. जेवून घ्या म्हणावं.

आता मला चार गोष्टी सांगा. पावती कुणाच्या नावानं आहे? तिच्या मागं तात्यांनी सही केलीय का? स्टोअरेजच्या रजिस्टरला व्यापाऱ्याच्या नावाची काही नोंद आहे का? आणि नोट परत मागितलीत का? ती मला चेकपेक्षा जास्त टोचतेय.


सावळजचा_बागायतदार
३ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

ताई, तुमचं तात्यांना वाचून दाखवलं. चहा तरी घेतला त्यांनी.

पावती तात्यांच्या नावानं. मागं सही केलेली आठवत नाही. रजिस्टरचं माहीत नाही. नोट मागितली नाही, डोक्यातच आलं नाही. ती का टोचतेय?


कृष्णाकाठची_वकील
३ फेब्रुवारी, दुपारी १.५०

कारण नोट चालते. म्हणजे हातोहात फिरते.

चेक, नोट, हुंडी यांचा कायदा म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चा. त्याचा गाभा असा, की काही कागद असे असतात की ज्यांच्यात पैसा बसलेला असतो. साध्या येण्याचा हक्क मी दुसऱ्याला दिला, तर माझ्याविरुद्धच्या सगळ्या तक्रारी त्या हक्काला चिकटून जातात. नोट किंवा हुंडी मात्र मागं सही करून तिसऱ्याला दिली, आणि त्या तिसऱ्यानं मोबदला देऊन, देय तारखेच्या आधी, काही खोट असल्याचा संशय यायला कारण नसताना ती घेतली, तर तो कलम ९ चा "यथाविधी धारक" होतो. त्याच्यापुढं "मी अडीच लाख भरलेत" हे सांगून फारसा उपयोग होत नाही. तुमचं भांडण मूळ व्यापाऱ्याशी, त्याच्याशी नाही.

त्यात तुमची नोट कोरी. कलम २० असं म्हणतं की तिकीट लावून सही केलेला कोरा कागद दिला, म्हणजे तिकिटाला पुरेल तेवढ्या रकमेपर्यंत तो भरायचा अधिकारच तुम्ही दिला. म्हणून उत्तराच्या नोटिशीतच लिहा की नोट अमुक तारखेला, अमुक उचलीपोटी, कोरी दिली होती, त्यातले अडीच लाख फिटलेत, ती दुसऱ्या कुणाला देऊ नये. आणि ज्या दिवशी शेवटचा पैसा द्याल त्या दिवशी नोट हातात घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. कलम ८१ तो हक्क देतं: पैसे देणाऱ्यानं आधी कागद दाखवायला सांगावा आणि पैसे दिल्यावर तो परत घ्यावा.


निवृत्त_बँकवाले
३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.२०

ताईंनी चेक-नोटेचं नेमकं सांगितलं. पावतीचं मी सांगतो, कारण सांगली-मिरजेत तीस वर्षं तारण कर्जं हाताळली.

बेदाण्याची पावती हातात आली म्हणजे बेदाणा हातात आला, असं बाजारात समजतात. तसं नसतं. पावती दोन जातीची. एक नुसती पोच: अमुक लॉट, अमुक बॉक्स, अमुक माणसाचा माल आमच्याकडं आला. दुसरी मालाची मालकी घेऊन फिरणारी, मागं सही केली की माल त्याचा. बहुतेक कोल्ड स्टोअरेजच्या पावत्या पहिल्या जातीच्या असतात. पावतीच्या तळाला बारीक अक्षरात "हस्तांतरणीय नाही" असं छापलंय का बघा.

तारण व्हायला माल ताब्यात जावा लागतो. कराराचा कायदा १८७२ चा, त्याचं कलम १७२. नऊ टन बेदाणा कुणी उचलून घरी नेत नाही, म्हणून ताबा असा देतात की स्टोअरेजवाला लिहून देतो, "यापुढं हा लॉट मी अमुकसाठी धरून आहे". बँकेत असताना आम्ही पावतीवर कधीच थांबायचो नाही. स्टोअरेजच्या रजिस्टरला बँकेच्या तारणाची नोंद, चेंबरच्या दारावर पाटी, आणि "बँकेच्या पत्राशिवाय डिलिव्हरी नाही" असं मॅनेजरचं सहीशिक्क्याचं पत्र, एवढं झाल्यावर कर्जाचा चेक निघायचा. ट्रॅक्टरचं वेगळं. ट्रॅक्टर तुमच्याच दारात राहतो, फक्त आरसी बुकावर बँकेचं नाव चढतं. त्याला नजरगहाण म्हणतात. बेदाण्याच्या उचलीत लोक या दोन्हीची भेसळ करतात आणि मग माल नेमका कुणाकडं हेच ठरत नाही.

उद्याच स्टोअरेजला लेखी पत्र द्या. लॉट नंबर, बॉक्स, ठेवल्याची तारीख लिहा आणि विचारा: आज किती बॉक्स शिल्लक आहेत, कुणाची तारण नोंद आहे का, आजवर कुणाच्या पत्रावर किती माल बाहेर गेला. शेवटी लिहा, माझ्या लेखी संमतीशिवाय डिलिव्हरी देऊ नये. दोन प्रती, एकीवर पोच घ्या. तोंडी विचारू नका.

पुढच्या हंगामासाठी आणखी एक. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, १८० दिवसांसाठी सहा टक्क्यानं पैसे. हळदीला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळतात, बेदाण्याची मर्यादा वेगळी, ती समितीत विचारा. फक्त शेतकऱ्याचा स्वतःचा माल घेतात, व्यापाऱ्याचा नाही. तुम्ही दीड टक्का महिना दिलात म्हणजे वर्षाला अठरा. सहा आणि अठरा.


मार्केट_यार्ड_सांगली
३ फेब्रुवारी, रात्री ११.१०

मी अडत्या आहे. व्यापारी म्हणजे लुटारू असा सूर लागायच्या आधी आमचंही ऐका. या प्रकरणातल्या माणसानं सहा लाखाला चेक टाकला हे चूकच, मी त्याची वकिली करत नाही.

पण कोरा चेक आम्ही का घेतो? आम्ही परराज्यातल्या गिऱ्हाईकाला माल देतो. तो ट्रक भरून नेतो, चेक देतो, चेक परत येतो. इकडं शेतकऱ्याला आम्ही आमच्या खिशातून भागवलेलं असतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दशरथ राठोड प्रकरणात सांगितलं की जिथं चेक देणाऱ्याची बँक तिथंच केस. आमच्या फायली सांगलीतून परत आल्या. एकेका केसला हजार किलोमीटर जायचं कोण? वर्षभर बाजारात चेकला कुणी किंमत देत नव्हतं. २०१५ ला कायदा दुरुस्त झाला, घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत तिथं केस चालते असं ठरलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. तुमच्या माणसाचं खातं तासगावला असेल तर केस तासगावलाच येईल.

आम्हाला काहीतरी हातात लागतं हो. फक्त ते काय असावं, त्यावर काय लिहावं, हे कुणी नीट शिकवत नाही. आम्हालाही नाही आणि शेतकऱ्यालाही नाही. मी यंदापासून चेक कोरा घेणं बंद केलंय. रक्कम, तारीख, आणि वहीत "अमुक उचलीपोटी" अशी नोंद, त्यावर दोघांच्या सह्या. फेड आली की वहीत आणि चेकच्या मागं, दोन्हीकडं.


हरिपूरकर
४ फेब्रुवारी, पहाटे ५.४५

वय ७४. झोप कमी, म्हणून पहाटे वाचतो. मुलानं टायपिंग शिकवलं.

आमच्या घराण्यात हळदीची पेवं होती हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. नवीन पोरांना माहीत नसेल, पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड अरुंद, खाली पोट मोठं. हळकुंडं भरायची, तोंड मातीनं बंद. वर्षानुवर्षं हळद टिकायची, रंग हलायचा नाही, किडीचं नाव नाही. पेव उघडलं की आधी कंदील सोडून बघायचा, ज्योत विझली तर माणूस उतरायचा नाही. वडील मला काठावर उभं करायचे, आतून गरम वास यायचा तो अजून नाकात आहे.

माल जमिनीखाली आणि व्यवहार जमिनीवर. म्हणजे कागदाशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा हुंडीचा कागद चालायचा. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारातल्या पतदार माणसाच्याच हाती द्यायचे, म्हणजे चोराच्या हातात पडली तरी पैसे त्याला मिळत नव्हते. हरवली तर पेठ (दुसरी प्रत) लिहायचे, पेठही हरवली तर परपेठ (तिसरी). पैसे चुकते झाले की त्या हुंडीला खोखा म्हणायचे आणि खोखा जपून ठेवायचे, फाडायचे नाहीत. जोखमी हुंडी तर अशी की माल सुखरूप पोहोचला तरच पैसे द्यायचे. विमा आणि उचल एकाच कागदात. वकीलताई, माझे वडील म्हणायचे सरकारच्या कायद्यानंही हुंडीची रीत मोडली नाही. खरं का?

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. आमची हळद सडली. तेव्हापासून मी मालापेक्षा कागदाकडं आधी बघतो.


कृष्णाकाठची_वकील
४ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

आजोबा, अगदी खरं. १८८१ च्या कायद्याच्या पहिल्याच कलमात आहे, देशी भाषेतल्या कागदांबद्दलच्या स्थानिक रीतीला या कायद्यानं बाधा येत नाही. कागदावरच तसं लिहून ती रीत बाजूला ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. पेठ-परपेठेबद्दल इतकं नेमकं आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.


मिरज_जंक्शन
४ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

पुराचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तारण ठेवलेला माल पुरात गेला तर कर्जही गेलं का? २०१९ ला आमच्या नात्यात असंच झालं. गोदामवाला म्हणाला निसर्गाचा कोप, सावकार म्हणाला माझे पैसे द्या.


निवृत्त_बँकवाले
४ फेब्रुवारी, दुपारी १२.००

कर्ज जात नाही. कटू आहे पण कायदा असाच आहे. माल सांभाळणाऱ्यानं शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली असेल, तर कराराच्या कायद्याच्या कलम १५१-१५२ प्रमाणं नुकसान त्याच्यावर येत नाही. काळजी घेतली नसेल, म्हणजे पाणी वाढतंय असं दोन दिवस सांगत असताना तळमजल्यावरचे बॉक्स वर हलवले नाहीत, तर येतं. मालक मात्र दोन्हीकडून मरतो: माल गेला, देणं उभं.

म्हणून विमा. २००७ च्या गोदाम कायद्याखाली नोंदणी झालेल्या गोदामात पूर, आग, चोरी यांचा विमा गोदामवाल्यालाच काढावा लागतो. तिथली पावती आता इलेक्ट्रॉनिक आहे, डीमॅट खात्यातल्या शेअरसारखी. तारण ठेवली की त्या नोंदीवर कुलूप पडतं आणि तोच लॉट दुसऱ्या बँकेला दाखवता येत नाही. कागदी पावतीच्या जमान्यात एकाच लॉटवर दोघांनी पैसे दिल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय. एकाकडं असल पावती, दुसऱ्याकडं डुप्लिकेट, आणि चेंबर रिकामं. कुठल्या गोदामाची नोंदणी आहे ते आधी विचारून घ्या, प्रत्येकाची नसते.


सावळजचा_बागायतदार
५ फेब्रुवारी, रात्री ८.००

स्टोअरेजला जाऊन आलो. पत्र दिलं, पोच घेतली. मॅनेजर आधी टाळाटाळ करत होता, पत्र लेखी आहे म्हटल्यावर रजिस्टर काढलं.

६०० पैकी ४२० बॉक्स आहेत. १८० बॉक्स डिसेंबरमध्ये बाहेर गेलेत, व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर. तात्यांची सही कुठंच नाही. तारणाची नोंद नाही. रजिस्टरात "पावती दाखवली" एवढंच पेन्सिलीनं लिहिलंय. मॅनेजरच्या परवानगीनं मी त्या पानाचा फोटो घेतला.

चेंबरमध्येही गेलो. तात्यांच्या बॉक्सवर हिरव्या स्केचपेननं आमच्या पोरानं लिहिलेला नंबर तसाच होता. ते बघून तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. १८० बॉक्स म्हणजे २,७०० किलो. आम्हाला न सांगता.


कृष्णाकाठची_वकील
५ फेब्रुवारी, रात्री ९.२५

फोटो जपा, मूळ पत्राची पोचही. हे चित्र आता पार बदललं.

तारण घेणारा माल विकू शकतो, पण कराराच्या कायद्याच्या कलम १७६ प्रमाणं आधी वाजवी नोटीस देऊन. ती नोटीस ऐच्छिक नाही. पीटीसी इंडिया फायनान्शियल विरुद्ध वेंकटेश्वर्लु कारी, २०२२, सर्वोच्च न्यायालय: नोटीस सक्तीची आहे, आणि तारण घेणाऱ्यानं माल स्वतःलाच विकून घेणं ही विक्रीच नव्हे. तुमच्या माणसानं नोटीस दिली नाही. त्याहून पुढं, बँकवाले काका म्हणतात तशी नोंदच नसेल, तर त्याचं तारण पुरतं झालं होतं का हाही प्रश्न आहे. तसं असेल तर त्या १८० बॉक्सचं काय म्हणायचं, हे तुमचे वकील ठरवतील. तो शब्द मी इथं लिहीत नाही. आणि तुमच्या सहीशिवाय माल सोडला म्हणून स्टोअरेजवाल्यालाही उत्तर द्यावं लागेल.

आणखी एक जुना निकाल, लल्लन प्रसाद विरुद्ध रहमत अली. तारण घेणाऱ्यानं पैसेही पूर्ण मागायचे आणि मालही परत द्यायचा नाही, असं चालत नाही. माल परत देण्याच्या स्थितीत नसेल तर त्याला पूर्ण कर्जाचा हुकूमनामा मिळत नाही. १८० बॉक्सची किंमत हिशोबात वजा झालीच पाहिजे. म्हणजे ४ लाख २२ हजारातूनही.

हे सगळं ८ तारखेच्या आत उत्तरात घाला, रजिस्टर्ड पोस्टानं, पोच पावतीसह. शेवटी एक ओळ: हिशोब करून जे खरं देणं निघेल ते देण्यास तयार आहोत. ही ओळ कमजोरीची नाही. तात्यांची नियत साफ आहे हे ती दाखवते, आणि न्यायालय ते बघतं.

चेकची केस उभी राहिलीच तर १८८१ च्याच कायद्याच्या कलम १४३अ खाली न्यायालय चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं, म्हणजे इथं १ लाख २० हजारांपर्यंत. ते आपोआप होत नाही. प्रथमदर्शनी तुमचा बचाव किती खरा वाटतो ते बघूनच ठरतं. म्हणून आजचे कागद मोलाचे.


ढालगावचा
५ फेब्रुवारी, रात्री १०.४०

ताई, माझा पहिला सल्ला मागं घेतो. माझ्याच घरात तीन वर्षांपूर्वी एकाला नोटेवर दिलेले ८०,००० अडकलेत. नोट कपाटात आहे. तिकीट लावलेलं नाही, नुसती सही. चालेल का?


कृष्णाकाठची_वकील
६ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

तारीख आजच्या आज बघा. मागणी करताच देय नोटेला नोटेच्या तारखेपासून तीन वर्षं. एक दिवस उलटला तरी दावा मुदतबाह्य. तिकीट नसलेली प्रॉमिसरी नोट दंड भरूनही पुराव्यात घेत नाहीत. बाकी बहुतेक कागदांना ती सवलत आहे, हिला नाही. पैसे बँकेतून दिले असतील तर मूळ कर्जावर दावा करता येतो का ते बघू. अजून मुदत असेल तर त्याच्याकडून आजच लेखी कबुली घ्या, तारीख घालून, सही घेऊन. मुदत संपायच्या आत घेतलेल्या कबुलीनं नवी तीन वर्षं सुरू होतात. संपल्यावर घेतलीत तर नाही.


सावळजचा_बागायतदार
२१ फेब्रुवारी, रात्री ९.००

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

६ तारखेला उत्तर गेलं. १२ ला व्यापाऱ्याचा फोन आला, बसू या म्हणून. यार्डातल्या एका जाणत्या अडत्याच्या पेढीवर बसलो, दोन्ही वकील होते. १८० बॉक्सची किंमत डिसेंबरातल्या सौद्याच्या दरानं धरायची यावर पहिला तासभर गेला. शेवटी विक्रीच्या पट्ट्या (हिशोबाच्या पावत्या) मागवल्या, त्या लॉटला खरा मिळालेला दर बघितला आणि तोच धरला. आमच्याकडून थोडंच निघालं, ते तिथंच डीडीनं दिलं. स्टोअरेजला त्याचं पत्र गेलं, ४२० बॉक्सवर त्याचा काही दावा नाही. मॅनेजरनं पेन्सिलीची ती ओळ खोडायला रबर घेतलं, वकिलांनी थांबवलं. खोडू नका म्हणाले, खाली पेननं लिहा, तारीख घाला, सही करा.

चेक परत घेतला. नोट परत घेतली. ती अजून कोरीच होती, तिकिटावर तात्यांची सही आणि बाकी सगळं पांढरं. व्यापाऱ्यानं मागं "संपूर्ण रक्कम पावली" असं लिहून सही केली. तात्या ती फाडायला निघाले होते, मी हरिपूरच्या आजोबांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. मग घडी घालून सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवली.


हरिपूरकर
२२ फेब्रुवारी, पहाटे ५.३०

बरं केलंत. खोखा झाला तो आता. ४२० बॉक्स सोडवलेत, त्यांचा विमा काढलाय का? पावसाळ्याला तीन महिने आहेत.


सावळजचा_बागायतदार
२२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आजोबा, नाही काढला. आज स्टोअरेजला विचारतो. लेखी.